शेजारच्या ताऱ्यांचे अंधूक जोडीदार

मृग नक्षत्राच्या पायथ्याशी, व्याधाच्या पश्चिमेला शशक नावाचा एक छोटा तारकासमूह आहे. त्यात ग्लीझ २२९ नावाचा एक लाल बटू तारा आहे. पृथ्वीपासून तो १८.८ प्रकाशवर्षांवर, म्हणजे खगोलशास्त्राच्या हिशेबात अगदी शेजारी. तरीही नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण लाल बटू जात्याच मंद असतात. २७ ऑक्टोबर १९९४ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या ६० इंची दुर्बिणीने या ताऱ्याचं चित्र टिपलं. ताऱ्यापासून जेमतेम पावणेआठ विकलांवर एक बारीक ठिपका उमटला होता. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण अठराशे विकला भरते, हे लक्षात घेतलं की तो ठिपका ताऱ्याला किती चिकटून होता याची कल्पना येईल. अशा ठिपक्याची खगोलशास्त्रज्ञ तीस वर्षं वाट पाहत होते.

ही वाट पाहणं सुरू झालं १९६३ मध्ये. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे शिव कुमार यांनी त्या वर्षी एक प्रश्न गणिताने सोडवला. वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आकसत जातो आणि तारा जन्माला येतो, हे ठीक. पण आकसणारा ढगच फार लहान असेल तर काय होईल? आकसताना गाभा तापत जातो. तो पुरेसा तापला की हायड्रोजनपासून हेलियम बनू लागतो आणि त्या ऊर्जेच्या जोरावर आकसणं थांबतं. तारा म्हणजे हा तोल सांभाळणारा गोळा. वस्तुमान सूर्याच्या सुमारे सात टक्क्यांहून कमी असेल, तर ती वेळ कधी येतच नाही, असं कुमारांच्या गणितातून निघालं. गाभ्यातले इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने बसतात की त्यांना आणखी जवळ ढकलताच येत नाही. आकसणं थांबतं खरं, पण आत हायड्रोजन पेटलेलाच नसतो. त्यानंतर त्या गोळ्याच्या वाट्याला उरतं ते फक्त निवत जाणं. जपानमध्ये चुशिरो हायाशी आणि ताकेनोरी नाकानो हेही त्याच सुमारास याच निष्कर्षापर्यंत पोचले होते. या गोळ्यांना ‘तपकिरी बटू’ हे नाव १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी दिलं.

आज आपण ही हद्द गुरू ग्रहाच्या मापाने सांगतो. गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पटींच्या वर तारा. त्याखाली, साधारण १३ पटींपर्यंत तपकिरी बटू. १३ ही खालची रेघ अशासाठी, की तेवढ्या वस्तुमानाला निदान ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, थोडा काळ जळू शकतो. आकाराने मात्र हे सगळे साधारण गुरूएवढेच असतात. गुरूच्या तीस पट द्रव्य असो की साठ पट, गोळा मोठा होण्याऐवजी घट्ट होत जातो.

इथेच खरी अडचण उभी राहते. चुलीवरून उतरवलेली दोन भांडी डोळे मिटून चाचपली आणि दोन्ही सारखीच कोमट लागली, तर काय समजायचं? एक लहानसं कढलं आत्ताच उतरवलेलं असेल आणि दुसरं मोठं पातेलं तासाभरापूर्वी. नुसत्या उबेवरून हे ओळखता येत नाही. तपकिरी बटूचंही तसंच आहे. हजार अंश तापमानाचा एखादा गोळा सापडला, तर तो हलका आणि तरुण असू शकतो किंवा जड आणि म्हातारा. आकाशात एकट्याने भटकणारा तपकिरी बटू स्वतःचं वय सांगत नाही, आणि वय कळल्याखेरीज वस्तुमानाचा केवळ अंदाजच करता येतो.

तोच गोळा एखाद्या ताऱ्याभोवती फिरत असेल, तर चित्र पालटतं. तारा आणि तो एकाच ढगातून, एकाच सुमाराला जन्मलेले. म्हणून ताऱ्याचं वय तेच त्याचं वय. ताऱ्याचं अंतर मोजलेलं असतं, ते त्यालाही लागू पडतं. ताऱ्याच्या वर्णपटातून मूळ ढगात कोणती मूलद्रव्यं किती होती ते कळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोघं एकमेकांभोवती फिरत असल्यामुळे, न्यूटनने दिलेल्या नियमाने, जोडीदाराचं थेट वजन करता येतं. माझ्या मते शेजारच्या ताऱ्याजवळ सापडलेला एक तपकिरी बटू हा एकट्या भटकणाऱ्या दहांपेक्षा मोलाचा आहे. बाकीच्यांचे अंदाज बरोबर की चूक, हे त्याच्यावरूनच तपासलं जातं.

पण असा जोडीदार दिसणं महाकठीण. १९८०च्या दशकात बरेच दावे झाले आणि बरेच फसले. व्हीबी ८ या जवळच्या लाल ताऱ्याशेजारी अवरक्त प्रकाशात एक थंड जोडीदार आढळल्याचं १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या दोन वर्षांत इतरांनी तीच जागा चांगल्या उपकरणांनी तपासली. तिथे काहीच नव्हतं. १९८८ मध्ये एरिक बेकलिन आणि बेन झुकरमन यांना जीडी १६५ या श्वेत बटूजवळ एक लालसर, थंड वस्तू सापडली. ती खरीच होती, पण तिचं तापमान अशा सीमेवरचं होतं की अतिशय लहान तारा म्हणावा की तपकिरी बटू, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना.

तिसरा दावा वेगळ्या वाटेने आला. तारा आणि जोडीदार दोघंही समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात, त्यामुळे ताराही थोडासा डुलतो. आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. १९८९ मध्ये डेव्हिड लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एचडी ११४७६२ हा तारा दर ८४ दिवसांनी असा डुलताना आढळला. हिशेब केल्यावर जोडीदाराचं वस्तुमान गुरूच्या किमान ११ पट आलं. यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. कक्षा आपल्याला कडेने दिसते की वरून, हे या पद्धतीत कळत नाही. वरून दिसत असेल तर डुलण्याचा फारच थोडा भाग आपल्या दिशेने येतो आणि जड जोडीदारही हलका भासतो. तीस वर्षांनी गाया या युरोपीय उपग्रहाच्या मोजमापातून नेमकं हेच उघड झालं: कक्षा जवळजवळ वरून दिसते, आणि तो जोडीदार तपकिरी बटू नसून एक लहान तारा आहे.

या पार्श्वभूमीवर पालोमारच्या चमूने घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. चमूत कॅल्टेकचे तादाशी नाकाजिमा, श्रीनिवास कुलकर्णी आणि तेव्हा पीएचडी करत असलेल्या ओपनहायमर होत्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डेव्हिड गोलिमॉव्स्की आणि सॅम्युअल ड्युरन्स होते. हे ड्युरन्स अवकाशयानातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले अंतराळवीर. कुलकर्णींचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. शालेय शिक्षण हुबळीत, मग दिल्लीची आयआयटी आणि पुढे बर्कली. तिथे विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर यांच्यासह त्यांनी सेकंदाला सहाशेहून अधिक वेळा गिरकी घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला होता. पल्सारवर नाव कमावलेल्या माणसाने अंधूक, थंड गोळ्यांच्या मागे लागावं, यात त्यांचा स्वभाव दिसतो. एका विषयात स्थिरावून बसणं त्यांनी कधी पसंत केलं नाही.

त्यांचं उपकरण जॉन्स हॉपकिन्समध्ये बनलं होतं. ताऱ्याची प्रतिमा जिथे पडते तिथेच एक छोटी अपारदर्शक टिकली बसवायची. म्हणजे ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अडतो आणि भोवतालचं दिसू लागतं. सूर्याच्या प्रभामंडलाचा अभ्यास करण्यासाठी ही युक्ती आधीपासून वापरात होती. मात्र वातावरणातल्या खळबळीमुळे ताऱ्याची प्रतिमा सतत थरथरते आणि टिकलीच्या बाहेर निसटते. म्हणून त्या उपकरणात एक लहान आरसा होता. तो प्रतिमेची थरथर ओळखून सेकंदात अनेकदा स्वतःला कलता करून घेई आणि ताऱ्याला टिकलीमागे धरून ठेवी. एवढं करूनही थोडा प्रकाश गळतोच. ग्लीझ २२९ चा जोडीदार अवरक्त प्रकाशातसुद्धा ताऱ्याच्या दहा हजारपट मंद आहे. त्या गळक्या उजेडाच्या कडेला तो ठिपका टिकून राहिला.

ठिपका दिसला म्हणजे जोडीदार सापडला असं होत नाही. दूरवरचा एखादा तारा योगायोगाने त्याच दिशेला असू शकतो. याची खातरजमा करण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे थांबणं. जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हळूहळू सरकत असतात. ग्लीझ २२९ वर्षाला सुमारे पाऊण विकला सरकतो. ठिपका दूरचा असेल तर तो जागेवरच राहील आणि तारा पुढे जाईल. जोडीदार असेल तर दोघं बरोबर सरकतील. चमूने वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही. वर्षाने पुन्हा पाहिलं तर ठिपका ताऱ्याबरोबर सरकलेला होता.

त्याच सुमाराला पालोमारच्याच २०० इंची हेल दुर्बिणीने त्याचा अवरक्त वर्णपट घेतला, आणि सारी शंका फिटली. वर्णपटात मिथेनचे खोल खड्डे होते. ताऱ्याच्या पृष्ठभागावर मिथेन टिकू शकत नाही. तिथल्या उष्णतेत कार्बन ऑक्सिजनशी जोडी करून कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात राहतो. तापमान साधारण १३०० केल्व्हिनच्या खाली उतरलं की कार्बन हायड्रोजनकडे वळतो आणि मिथेन तयार होतं. ज्ञात असलेला सर्वांत लहान, सर्वांत थंड तारासुद्धा याहून कितीतरी गरम असतो. मिथेनच्या अशा ठळक खुणा तोवर दिसल्या होत्या त्या गुरूसारख्या ग्रहांच्या वर्णपटात. ताऱ्याभोवती फिरणारी, स्वतःच्या उबेने चमकणारी आणि तरीही गुरूसारखा वर्णपट असणारी ही वस्तू तारा असणं शक्यच नव्हतं. तिचं तापमान हजार केल्व्हिनच्या आत भरलं. तिला ग्लीझ २२९बी हे नाव मिळालं.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात थंड ताऱ्यांवर एक परिषद भरली होती. तिथे ग्लीझ २२९बीची घोषणा झाली. त्याच परिषदेत मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. त्या ग्रहाच्या शोधाला पुढे २०१९ चं नोबेल मिळालं आणि प्रसिद्धीही त्याच्याच वाट्याला आली. एकाच बैठकीत विश्वाच्या दोन नव्या प्रजा समोर आल्या, आणि त्यातली एकच लोकांच्या लक्षात राहिली, याची मला हळहळ वाटते. त्याच वर्षी राफाएल रेबोलो यांच्या स्पॅनिश चमूने कृत्तिका तारकागुच्छात तैदे १ हा एकटा फिरणारा तपकिरी बटूही शोधला होता. नोव्हेंबरमध्ये हबल दुर्बिणीने ग्लीझ २२९बीचं चित्र घेतलं. त्यात तारा चौकटीच्या बाहेर ठेवलेला आहे, तरी त्याच्या झगमगाटाचा एक पट्टा चित्रभर तिरका पसरलाय, आणि बाजूला तो ठिपका.

यानंतर झुंबड उडेल आणि शेकडो जोडीदार सापडतील, असं वाटत होतं. तसं झालं नाही. ताऱ्यांचं डुलणं मोजणाऱ्या मोहिमांत सूर्यासारख्या ताऱ्यांजवळ ग्रह भराभर सापडत गेले, जोडतारेही सापडत गेले. पण पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीन-चार पटींच्या आत फिरणारे तपकिरी बटू शंभरात एका ताऱ्याजवळही भेटेनात. ते डुलण्यातून सुटून गेले असं म्हणावं, तर ग्रहांपेक्षा ते कितीतरी जड. त्यांच्यामुळे तारा जास्तच डुलायला हवा. खगोलशास्त्रज्ञ या रिकाम्या जागेला ‘तपकिरी बटूंचं वाळवंट’ म्हणतात. ग्रह ताऱ्याभोवतीच्या तबकडीतल्या द्रव्यापासून घडतात आणि जोडतारे ढगाचे तुकडे होऊन. यांपैकी पहिल्या प्रक्रियेला एवढे जड गोळे घडवणं झेपत नाही आणि दुसरीला एवढे हलके. म्हणून मधली जागा ओसाड, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. वाळवंटाच्या काठावरच्या नोंदी म्हणूनच जपून केल्या जातात. टेस उपग्रहाने हेरलेल्या टीओआय-४६०३ या ताऱ्याच्या सोबत्याचं वजन २०२३ मध्ये आपल्याच देशातून झालं. अबू पर्वतावरच्या वेधशाळेत अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बसवलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने ते केलं. गुरूच्या सुमारे १३ पट भरलेला हा गोळा बरोबर रेघेवर उभा आहे.

दूरच्या कक्षांत मात्र शोध लागत राहिले. त्यातला माझा आवडता आहे एप्सिलॉन इंडी. हा तारा ११.९ प्रकाशवर्षांवर, दक्षिणेच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा. २००३ मध्ये राल्फ-डिटर शोल्त्स आणि सहकाऱ्यांनी आकाशाच्या जुन्या छायाचित्रांतून भराभर सरकणाऱ्या वस्तू शोधताना त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर एक मंद ठिपका पकडला. दोघांचं सरकणं हुबेहूब एकसारखं. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे पंधराशे पट. त्याच वर्षी मोठ्या दुर्बिणींनी जवळून पाहिलं तेव्हा तो एक तपकिरी बटू नव्हता, एकमेकांभोवती सुमारे अकरा वर्षांत फिरणारे दोन होते. पुढे त्यांची वजनं झाली: एक गुरूच्या सुमारे ६७ पट, दुसरा ५३ पट. वय ताऱ्याकडून, वजन कक्षेकडून, तापमान वर्णपटाकडून. असा भरभक्कम पुरावा फार थोड्या तपकिरी बटूंबाबत हाती आहे.

गेल्या काही वर्षांत शोधाची तऱ्हाच बदलली आहे. पूर्वी जवळचे तारे एकेक करून तपासायचे आणि दैवावर हवाला ठेवायचा. आता आधी कुठे पाहायचं ते ठरवता येतं. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांच्या जागा अचूक मोजल्या. डिसेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या गायाने त्याच ताऱ्यांच्या जागा त्याहून कितीतरी बारकाईने मोजल्या. मध्ये सुमारे पंचवीस वर्षं गेली. तारा एकटा असेल तर तो सरळ रेषेत, एकाच वेगाने सरकलेला असणार. त्याचा वेग किंवा दिशा किंचित बदललेली आढळली, तर शेजारी कुणीतरी त्याला ओढतंय. अशा ताऱ्यांची यादी करून त्यांच्यावरच मोठ्या दुर्बिणी रोखायच्या. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीला २०२० मध्ये एचडी ३३६३२ या सूर्यासारख्या ताऱ्याजवळ गुरूच्या सुमारे ४६ पट वस्तुमानाचा जोडीदार मिळाला, तो याच रीतीने.

आणि याच रीतीने ग्लीझ २२९बीचं कोडंही उभं राहिलं. त्याची कक्षा दोन-अडीचशे वर्षांची. पण ताऱ्याच्या सरकण्यातला फरक आणि चित्रांतली जागा एकत्र मांडून २०२० नंतर टिमथी ब्रँट आणि सहकाऱ्यांनी त्याचं वजन काढलं. ते भरलं गुरूच्या ७१ पट. हे पटण्यासारखं नव्हतं. एवढा जड गोळा इतका थंड व्हायला ताऱ्याच्या वयाहून कितीतरी जास्त काळ लागला असता. एक तर वजन चुकलं होतं, नाहीतर तपकिरी बटू कसे निवतात याचं आपलं सगळं गणित. पण कुणी वेगळ्या पद्धतीने मोजलं तरी वजन तेवढंच येत होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर मिळालं. कॅल्टेकचे जेरी श्वान आणि दिमित्री मावे यांच्या चमूने चिलीतल्या पारानाल पर्वतावरच्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून पाहिलं, आणि दुसऱ्या उपकरणाने वर्णपटातल्या रेषांचं सरकणंही मोजलं. तीस वर्षं एक समजलेला ठिपका दोघांचा निघाला. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट. ते एकमेकांभोवती अवघ्या १२ दिवसांत फिरतात, आणि त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सुमारे सोळा पट, म्हणजे अगदीच थोडं. दुसऱ्या एका चमूने स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. दोन हलके गोळे मिळून जड दिसत होते. प्रत्येक जण आपापल्या वजनाला साजेसा निवलेला होता. निवण्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

मला यात विशेष वाटतं ते हे, की हे कोडं सुटलं त्या ठिपक्याशेजारी तारा होता म्हणून. तारा नसता तर वजन झालं नसतं, वजन झालं नसतं तर शंका आली नसती, आणि त्या दोघांना आपण आजही एकच समजत राहिलो असतो. एकट्या फिरणाऱ्या तपकिरी बटूंपैकी किती जण असे दुहेरी असतील, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

गायाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबवली. त्याच्या नोंदींचा चौथा मोठा संच डिसेंबर २०२६ मध्ये खुला करण्याची योजना आहे. त्यात पहिल्यांदाच ताऱ्यांच्या जागांची वेळोवेळची मोजमापं सुटी सुटी मिळतील, आणि वाळवंटाच्या आतले जोडीदार त्यांच्या ओढीवरून थेट शोधता येतील. गायाच्या खुल्या झालेल्या नोंदी कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. शिवाय २०१७ पासून ‘बॅकयार्ड वर्ल्ड्स’ या उपक्रमात वाईज अवकाश दुर्बिणीची चित्रं सामान्य लोकांसमोर ठेवली जातात आणि सरकणारे ठिपके हुडकण्याचं काम स्वयंसेवक करतात. त्यांच्या नजरेने अनेक तपकिरी बटू सापडले आहेत. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी या दोन्हींकडे वळावं. लागतो तो एक संगणक, थोडं गणित आणि भरपूर चिकाटी.